सीडी पस्तीत, मराठी पडद्याआड



दिवाळीची साफसफाई आली की जुन्या बडोद्यातल्या मराठी घरांतून जुनी वर्तमानपत्रे, फुटक्या बादल्या आणि तुटक्या वायरी यांच्याबरोबर आणखी एक वस्तू पस्तीवाल्याच्या गोणीत पडते. ती म्हणजे मराठी चित्रपटांच्या आणि नाटकांच्या सीडी. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, नवापुरा, वाडी, कुठेही विचारा, एकच उत्तर मिळते. "प्लेअर बिघडला, आता या ठेवून करायचे काय?" पस्तीवाल्याकडे प्लास्टिकचा भाव किलोवर ठरतो. त्याच्या तराजूत 'श्यामची आई' आणि 'अशी ही बनवाबनवी' एकाच भावाने जातात.

मंडळ या विषयावर लिहिते आहे याचे काहींना हसू येईल. विश्वामित्रीचा पूर, खोदून ठेवलेले रस्ते, मराठी माध्यमाच्या वर्गांची घटती पटसंख्या, एवढे प्रश्न पडलेले असताना यांना सीडी सुचतात! खुशाल हसा. पण हसून झाल्यावर एका प्रश्नाचे उत्तर द्या. तुमच्या नातवाला उद्या बडोद्यात 'सामना', 'पिंजरा' किंवा 'जैत रे जैत' बघावासा वाटला, तर त्याने जायचे कुठे? कोणत्या दुकानात, कोणत्या वाचनालयात, कोणत्या थिएटरात?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. बडोद्यात मराठी चित्रपट जगला तो थिएटरच्या पडद्यावर कमी आणि घरच्या टीव्हीवर जास्त. त्याला जगवणारा सीडीचा बाजार आता बुडाला आहे. शिल्लक माल आहे तो आपल्या कपाटांत. तोही किलोने विकून मोकळे होणार असाल, तर 'आम्ही गायकवाडीपासूनचे मराठी' हे मिरवणे बंद करावे लागेल.

सीडीचे दुकान हेच आपले थिएटर

महाराष्ट्रात मराठी चित्रपटासाठी सरकार अनुदान देते. मल्टिप्लेक्सवाल्यांनी मराठीला चांगल्या वेळा द्याव्यात म्हणून २०१५ साली तिथल्या सरकारने फर्मान काढले, त्यावर वाद झाले, लेख लिहिले गेले. हे सगळे भिलाडच्या नाक्यापर्यंतच. नाक्याच्या अलीकडे मराठी चित्रपटाला ना अनुदान, ना वेळ. एखादा फार गाजलेला चित्रपट आला तर चार दिवस चार खेळ लागतात, तेही गावाबाहेरच्या मॉलमध्ये. बाकीचे चित्रपट कधी आले नि कधी गेले, बडोद्याला पत्ताही लागत नाही.

म्हणून आपल्याकडे आधी व्हिडिओ कॅसेट आली आणि मग सीडी. १९९३ साली व्हीसीडीचे प्रमाण ठरले आणि १९९६ अखेर जपानात पहिली डीव्हीडी बाजारात आली. पाचसात वर्षांत दोन्ही आपल्या पोळात आणि वाड्यांत पोहोचल्या. व्हीसीडीवर जेमतेम सव्वा तासाचे चित्र मावायचे, म्हणून एका चित्रपटाच्या दोन, कधी तीन तबकड्या असत आणि मध्येच कुणीतरी उठून सीडी बदलायची. चित्र काही फार स्वच्छ नसे. पण घरात आजी, सुना, मुले, शेजारचे गुजराती काका-काकी अशी दहा माणसे एकत्र बसून मराठी ऐकत होती. आपण शाळेला 'निशाळ' म्हणतो, रद्दीला 'पस्ती' म्हणतो. या बडोदी मराठीची आम्हाला लाज नाही, उलट कौतुक आहे. पण त्या मराठीला मूळ झऱ्याचे पाणी मिळत राहावे लागते. ज्या घरातली मुले गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातात, त्या घरात ते पाणी दोनच वाटांनी येत होते. एक वाट आजीच्या तोंडून आणि दुसरी या सीडीतून.

माल यायचा कसा, तेही आठवा. मुंबईला लग्नकार्याला गेलेला माणूस दादरहून, पुण्याला गेलेला अप्पा बळवंत चौकातून पिशवीत चार सीडी घालून आणायचा. गावात कॅसेटच्या दुकानात हिंदी-गुजरातीच्या मांडणीत मराठीला एखादा कप्पा मिळायचा. मराठी गिऱ्हाईक नेमाने विचारायला येई, तोवर तो कप्पा टिकला. गिऱ्हाईक विचारेनासे झाले आणि दुकानदाराने तिथे दुसरे काही मांडले. त्याला दोष कसा द्यायचा? बाजार विचारणाऱ्याचा असतो.

बाजार कसा बसला

हा बाजार एका रात्रीत बुडालेला नाही आणि तो केवळ बडोद्यात बुडालेला नाही. सुरुवातीला अस्सल सीडी-डीव्हीडीला काहीशे रुपये पडत, तर चोरटी प्रत चहा-भजीच्या पैशात मिळे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, आणि चोरट्याच्या भावात अस्सल माल मिळू लागला. किराणा दुकानातही सीडी टांगलेल्या दिसू लागल्या. प्रामाणिक माणसाला प्रामाणिक राहणे परवडेल असे ते दिवस होते. पण तेवढ्यात मोबाइल, मेमरी कार्ड आणि स्वस्त इंटरनेट आले. मुंबईत काळा घोड्याला १९४८ पासून उभे असलेले ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले. मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. अमेरिकेत टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवूनच मोठी झालेली नेटफ्लिक्स कंपनी, तिनेही सप्टेंबर २०२३ अखेर शेवटची तबकडी पाठवून ते काम बंद केले.

आपल्या गावात मरीमातेच्या खांच्यात जाऊन या. मोबाइलची कव्हरे, काचा, चार्जर, ब्लूटूथ यांचा नुसता पूर आहे. तिथे चित्रपटाची सीडी मागा, दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. नवी सीडी येत नाही आणि जुनी दुकानात उरलेली नाही. मग हा माल आहे कुठे? तुमच्या-आमच्या टीव्हीखालच्या खणात. बडोद्यातला मराठी चित्रपटांचा सगळ्यात मोठा साठा आज कोणत्याही दुकानात किंवा संस्थेत नसून तो हजारो खणांत विखुरलेला आहे, आणि दर दिवाळीला थोडा थोडा गोणीत जातो आहे.

"सगळे मोबाइलवर आहे"

हे वाक्य आम्हाला दिवसातून दहा वेळा ऐकायला मिळते. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. यूट्यूबवर पुष्कळ जुने मराठी चित्रपट फुकट आहेत. काही ॲपवर नवे मराठी चित्रपट येतात. ज्याला जमते त्याने जरूर बघावेत.

पण 'सगळे' हा शब्द खोटा आहे. ॲपवर काय ठेवायचे आणि काय काढायचे हे तुम्ही ठरवत नाही. कंपनीचा करार संपला की चित्रपट जातो, तुम्ही वर्षाची वर्गणी भरलेली असली तरी जातो. यूट्यूबवर आज दिसणारा चित्रपट उद्या मालकाच्या तक्रारीवरून उतरवला जातो. पैसे देऊन 'खरेदी' केलेला चित्रपटही खऱ्या अर्थाने तुमचा नसतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली यासाठी कायदाच केला. ग्राहकाला मिळतो तो फक्त बघण्याचा परवाना, हे स्पष्ट सांगितल्याशिवाय अशा डिजिटल मालावर 'विकत घ्या' असे लिहिता येणार नाही. जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. जिथे हा धंदा जन्मला तिथल्या सरकारला लोकांना सावध करावेसे वाटले आणि आम्ही मात्र हातातली वस्तू देऊन हवेतले वचन घेतो आहोत.

आणखी एक गोष्ट. घरातल्या पंच्याहत्तरीच्या आजीला ओटीपी, पासवर्ड, वर्गणी यांच्या चक्रात न पडता चित्रपट लावता येत होता. तबकडी घाला, बटण दाबा, एवढेच काम. ती सोय तुम्ही मोडून टाकली आणि वर म्हणता, आजीला आता कशात रस नाही!

कुणी म्हणेल, सीडी म्हणजे काही मूळ रीळ नव्हे, चित्रपट पुण्या-मुंबईच्या संग्रहात असेलच की. असेल. पण तिजोरीत असणे आणि बडोद्याच्या घरात दिसणे यात फार अंतर आहे. आणि जपणुकीच्या बाबतीत आपल्या देशाचा इतिहास मान खाली घालायला लावणारा आहे. ज्या दादासाहेब फाळक्यांनी आपल्या बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण घेतले आणि पुढे गोध्र्याला फोटोचा व्यवसाय केला, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. आज त्यातला तुकडाच उरला आहे, आणि जो उरला तोही १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाचा असावा असे अभ्यासक म्हणतात. देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले. आज हाती आहेत ते तिसाच्या आसपास, त्यातलेही अनेक अपुरे. १९३१ च्या 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झाले, तोवर फार उशीर झाला होता. पुढे जानेवारी २००३ मध्ये तिथल्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात शेकडो चित्रपटांची रिळे जळाली.

पण आगीपेक्षा मोठे नुकसान कशाने झाले ठाऊक आहे? भंगाराने. जुन्या फिल्ममध्ये चांदी असे. ती काढून घेण्यासाठी रिळे वितळवून विकली गेली. विकणाऱ्यांनाही तेव्हा हेच वाटले असेल की जुना चित्रपट, आता याचे करायचे काय? शंभर वर्षांनी आपण त्यांना नावे ठेवतो. आज किलोने सीडी विकणाऱ्यांना पन्नास वर्षांनी कोण काय म्हणेल, याचा विचार व्हावा. त्यांना निदान चांदीचा भाव तरी मिळाला होता!

चोरीच्या मालाबद्दल स्पष्ट

या लेखामुळे कुणाला असे वाटायला नको की आम्ही कसलीही सीडी जपा म्हणतो. नाही. बाजार बुडण्यात चोरट्या प्रतींचा मोठा हात आहे. शिवजयंतीला भगवा फेटा बांधून मिरवणुकीत पुढे चालायचे आणि मराठी निर्मात्याच्या चित्रपटाची चोरटी प्रत वीस रुपयांना घ्यायची, हा कसला अभिमान? हिंदी चित्रपटाला चोरीचा फटका बसला तरी त्याच्यामागे देशभरची थिएटरे आहेत. मराठी निर्माता घर गहाण टाकून चित्रपट काढतो. त्याची चोरी करणारा आणि ती विकत घेणारा, दोघेही मराठीचेच नुकसान करतात.

कायदाही सांगून ठेवतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमाखाली अशा चोरीला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. थिएटरात कॅमेरा लावून चित्रपट उतरवणाऱ्यांसाठी २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यातही वेगळी शिक्षा घातली गेली.

अस्सल ओळखायची कशी? छापील तबकडीची खालची बाजू स्वच्छ चांदीसारखी असते, घरी किंवा दुकानात 'बर्न' केलेल्या तबकडीची बाजू निळसर, जांभळट किंवा हिरवट झाक मारते. कायद्याच्या ५२-अ कलमानुसार वेष्टनावर हक्कदाराचे नाव-पत्ता, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्राचा तपशील असावा लागतो. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत झेरॉक्स केलेले चित्र असेल, तर समजून घ्या.

'बर्न' केलेल्या तबकड्यांतही एक प्रकार असा आहे की तो चोरीचा नाही आणि तो सगळ्यात मोलाचा आहे. तो म्हणजे आपल्याच नाटकांची, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांची, शाळेच्या स्नेहसंमेलनांची, सत्कारांची चित्रीकरणे. ती कुठल्याही ॲपवर नाहीत, कुठल्याही संग्रहालयात नाहीत. त्यांची एखादीच प्रत कुणाच्या तरी माळ्यावर पडलेली असते. असल्या तबकड्यांतला रंगाचा थर काळाबरोबर विटतो आणि मग त्या वाचल्या जात नाहीत. ज्यांनी रंगमंचावर काम केले ती माणसे आता राहिली नाहीत, त्यांचा आवाज त्या तबकडीत आहे. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात तळमजल्यांवरच्या घरांत काय काय भिजले ते ज्याचे त्याला माहीत. हे काम पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणारे नाही.

महाराजांनी हे शंभर वर्षांपूर्वी केले होते

आता आम्ही मुद्द्यावर येतो. या सीडींचे करायचे काय? आमचे उत्तर एका शब्दाचे आहे: वाचनालय.

याला कुणी नवे खूळ म्हणू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली वाचनालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले. गावोगाव मोफत वाचनालये, लाकडी पेट्यांतून फिरणारी ग्रंथालये आणि मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्याच ग्रंथालय खात्याची एक शाखा चित्रांतून शिक्षण देण्यासाठी होती, हे किती जणांना माहीत आहे? जादूचे दिवे, काचेच्या चित्रपट्ट्या, स्टिरिओस्कोप आणि सिनेमाची यंत्रे घेऊन त्या शाखेची माणसे खेड्यापाड्यांत जात आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या रयतेला चित्रे दाखवत. ज्याला पुस्तक वाचता येत नाही, त्याच्यासाठीही वाचनालय असते, हा त्यामागचा विचार. १९०६ साली सबंध राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण करणाऱ्या राजाला तो सुचला.

म्हणजे हलते चित्र हे वाचनालयाचे काम आहे, ही गोष्ट बडोदे राज्याने एका शतकापूर्वी मान्य करून अमलात आणली. आणि आज त्याच बडोद्यात, मराठी बोलणारी इतकी घरे असताना, मराठी चित्रपटाची एक अस्सल सीडी घरी न्यायला देणारी सार्वजनिक मांडणी आम्हाला कुणी दाखवावी. राजाने दिले, पण कोठावळ्याने काय केले, हा प्रश्न आम्ही विचारणारच.

कायदा आपल्या बाजूचा आहे

"सीडी उसनी दिली तर कॉपीराइटवाले पकडतील," अशी भीती घालणारे काही वकील-वजा शेजारी आहेत. त्यांनी नीट वाचावे. चित्रपटाची प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा आहे, हे खरे. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने परदेशातून विकत आणलेल्या डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या एका दुकानदाराला मनाई केली होती, हेही खरे. पण २०१२ साली संसदेने कायदा दुरुस्त केला. त्यात 'व्यापारी भाडे' म्हणजे काय याची व्याख्या घातली आणि रीतसर मिळवलेली चित्रपटाची प्रत नफा न घेणाऱ्या ग्रंथालयाने किंवा शिक्षणसंस्थेने नफ्याशिवाय दिली, तर ते व्यापारी भाडे नव्हे, असे स्वच्छ लिहिले. कलम २ (एफए). ज्याला शंका आहे त्याने उघडून पाहावे.

याच दुरुस्तीत दुसरीही गोष्ट झाली. आधीच्या कायद्यात चित्रपटाची प्रत पूर्वी विकली गेलेली असली तरी तिच्या विक्रीवर मालकाचा हक्क राहील, अशा अर्थाचे शब्द होते. ते शब्द गेले. जुन्या अस्सल प्रतीची फेरविक्री त्यामुळे मोकळी झाली, असे जाणकार मानतात. म्हणजे आपल्यापुरता जुन्या अस्सल सीडींचा देवघेवीचा बाजार भरवायला हरकत दिसत नाही. फक्त एक पथ्य पाळायचे. मांडवात किंवा सभागृहात लोकांपुढे चित्रपट दाखवायचा असेल, तर हक्कदाराची परवानगी घ्यावीच लागते. घरी नेऊन बघणे वेगळे आणि जाहीर खेळ वेगळा.

आमच्या मागण्या आणि तुमचे काम

निवडणूक कोणतीही असो, रावपुरा, सयाजीगंज, अकोटा, मांजलपूर असो की शहर, उमेदवारांना आपल्या ओट्यावर यायला उशीर लागत नाही. 'मराठी समाज आमच्या पाठीशी आहे' हे वाक्य प्रत्येक पक्षाला पाठ आहे. गणपतीच्या आरतीला येतात, शिवजयंतीला हार घालतात, फोटो काढतात. आरतीचे ताट त्यांनी जरूर धरावे. पण या खेपेला प्रसादाबरोबर पुढील मागण्याही त्यांच्या हातात ठेवा.

पहिली मागणी राज्य सरकारच्या ग्रंथालय खात्याकडे. मध्यवर्ती ग्रंथालयात चित्रपट आणि नाटकांच्या अस्सल तबकड्यांचा घरपोच नेण्याचा विभाग सुरू करावा. तो केवळ मराठीचा नको, गुजरातीचाही हवा. जुन्या गुजराती चित्रपटांची गत आपल्यापेक्षा वेगळी नाही आणि या कामात गुजराती शेजारी आपल्याबरोबर उभे राहतील याची आम्हाला खात्री आहे. ज्या खात्याने शंभर वर्षांपूर्वी सिनेमाची यंत्रे खेड्यात नेली, त्याला एक कपाट आणि एक प्लेअर जड जाऊ नये.

दुसरी मागणी महापालिकेकडे. नगरगृहात महिन्यातून एक खेळ, हक्कदाराची रीतसर परवानगी घेऊन, प्रादेशिक भाषेतल्या चित्रपटासाठी सवलतीच्या भाड्यात मिळावा. नगरगृहे करदात्यांच्या पैशातून चालतात आणि जुनी मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या कर भरत आली आहेत.

तिसरी मागणी महाराष्ट्र सरकारकडे, आणि ती आम्ही जरा रागानेच करतो. २०१८ साली बडोद्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याआधी १९०९, १९२१ आणि १९३४ साली झाले. संमेलन आले की 'बृहन्महाराष्ट्र' हा शब्द व्यासपीठावर घुमतो. मांडव उतरला की शब्दही उतरतो. ज्या चित्रपटाला तुम्ही मराठी म्हणून अनुदान देता, त्याच्या ठरावीक प्रती, तबकडीवर असोत की अन्य स्वरूपात, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयांना देण्याची अट त्या अनुदानाला का जोडत नाही? बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, तंजावर इथला मराठी माणूस भाषणापुरताच मराठी आहे काय?

आता तुमचे काम. सरकार जागे होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. मंडळाच्या खोलीत या कामासाठी कपाट राखून ठेवले आहे. घरातल्या अस्सल सीडी आणि डीव्हीडी वेष्टनासकट आणून द्या. ज्यांना द्यायच्या नाहीत त्यांनी निदान यादी द्यावी, म्हणजे कुणाकडे काय आहे ते समाजाला कळेल. दोन-दोन प्रती असतील तर अदलाबदल करा, विका, पण मराठी घराला विका, गोणीला नको. चालू स्थितीतला प्लेअर अडगळीत असेल तर तोही आणा, तबकडीइतकीच आज त्याचीही टंचाई आहे. घरगुती चित्रीकरणे असतील तर ती उतरवून घेऊन मूळ तबकडी तुम्हाला परत मिळेल. सीडी पुसताना मऊ फडक्याने मध्यापासून काठाकडे सरळ पुसा, गोल गोल घासू नका. आडव्या थप्पीत न ठेवता पुस्तकासारख्या उभ्या ठेवा आणि तळमजल्यावर राहत असाल तर वरच्या फळीवर ठेवा. चोरट्या प्रती मात्र आणू नका, त्या घेतल्या जाणार नाहीत.

तरुणांनाही दोन शब्द. तुम्ही संगणक जाणता, तुम्हाला यादी करणे म्हणजे एका रविवारचे काम. आजोबा सांगतील चित्रपट कोणता, तुम्ही लिहून घ्या. त्या निमित्ताने आजोबांशी चार वाक्ये मराठीत होतील, तोही नफाच.

'घरात आहे त्याला किंमत नाही आणि गेल्यावर हंबरडा' ही आपल्या समाजाची जुनी खोड आहे. वाडे गेले तेव्हा हेच झाले, जुनी दप्तरे गेली तेव्हा हेच झाले. या दिवाळीला पस्तीवाला दारात येईल तेव्हा त्याला वर्तमानपत्रे द्या, डबे द्या, मोडका पंखा द्या. सीडीचा खण मात्र त्याच्यापुढे उघडू नका. तो आमच्यापुढे उघडा.